बाटलीतला स्पंज आणि त्याच्या नावातला कंस

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात काचेच्या कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर एक बाटली होती. आत शिळ्या भाकरीच्या चुऱ्यासारखं राखाडी काहीतरी, आणि बाहेर डिंकाने चिकटवलेली चिठ्ठी: 'स्पाँजिला कार्टरी, मुंबई'. मी नोकरीला लागले त्याच्या आधीपासून ती तिथे होती. दरवर्षी प्रात्यक्षिकाला ती टेबलावर यायची, मुलं तिचं चित्र काढायची, नाव लिहायची आणि बाटली परत फळीवर जायची.

एका वर्षी एका मुलीने मोबाइल पुढे केला. "बाई, हे नाव आता चालत नाही म्हणे. इथे युनॅपियस कार्टरी लिहिलंय, आणि पुढे कंसात कोणा माणसाचं नाव. कंस कशाला?" मी म्हणाले, "पद्धत असते तशी." तास संपला. घरी येईपर्यंत मला स्वतःचाच राग आला होता, कारण खरं उत्तर मला येत नव्हतं. ते शोधता शोधता मी गोड्या पाण्यातल्या स्पंजांच्या मागे लागले, ती निवृत्तीनंतरही सुटले नाही. तळ्यात, विहिरीत किंवा पंपाच्या फूटव्हॉल्व्हवर स्पंज सापडला आणि त्याला नीट नाव द्यायचं असेल, तर काय करायचं ते इथे सांगते. सुरुवात मात्र त्या कंसापासूनच करते.

नाव वाचायला शिका

पूर्ण नाव असं लिहितात: युनॅपियस कार्टरी (बोवरबँक, १८६३). पहिला शब्द प्रजातीचा (जीनस), दुसरा जातीचा (स्पीशीज). रोमन लिपीत लिहिताना पहिल्याचं आद्याक्षर मोठं, दुसऱ्याचं लहान आणि दोन्ही शब्द तिरप्या ठशात. पुढे येतो तो माणूस, ज्याने या जातीचं वर्णन छापून तिला नाव दिलं, आणि मग छापल्याचं साल.

यामागची हकीकत मुंबईची आहे. हेन्री जॉन कार्टर हा कंपनी सरकारच्या मुंबईच्या लष्करात डॉक्टर होता. मुंबई बेटावर तेव्हा पिण्याच्या पाण्याची तळी होती. त्यांतले स्पंज त्याने गोळा केले, वाढवले, सूक्ष्मदर्शकाखाली घातले. हे प्राणी आहेत की वनस्पती, हाच वाद तेव्हा पुरता मिटला नव्हता. लिनियसने स्पंजांना वनस्पतींच्या यादीत घातलं होतं. एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँटने स्पंजाच्या भोकांतून पाण्याचा झोत बाहेर पडताना पाहिला आणि १८३६ मध्ये 'पोरिफेरा' हे नाव रूढ केलं. तरी १८४८ मध्ये कार्टरला आपल्या लेखाच्या शीर्षकातच मुंबईच्या तळ्यांतल्या स्पंजांचं 'प्राणीपण' असं लिहावंसं वाटलं.

१८४९ मध्ये त्याने मुंबई बेटावरच्या या स्पंजांचं सविस्तर वर्णन छापलं. त्यातल्या एकाला त्याने लामार्कच्या 'फ्रायेबिलिस' या जुन्या जातीत बसवलं. लंडनच्या बोवरबँकने १८६३ मध्ये ते वेगळं ठरवलं आणि कार्टरचंच नाव दिलं. पुरुषाच्या नावावरून जातीचं नाव केलं की शेवटी 'ई' लागते, म्हणून कार्टरचं कार्टरी. बाईच्या नावावरून केलं की लॅटिन 'एई' लागतं. बोवरबँकने ती जात स्पाँजिला या प्रजातीत ठेवली होती. पुढे ग्रेने १८६७ मध्ये युनॅपियस ही प्रजाती केली. पेनी आणि रॅसेक यांनी १९६८ मध्ये जगभरच्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांची फेरतपासणी केली, आणि तेव्हापासून ही जात युनॅपियसमध्ये नांदते आहे.

आता कंस. लग्नपत्रिकेत किंवा श्रद्धांजलीच्या जाहिरातीत कधी कधी माहेरचं नाव कंसात असतं, तसंच हे समजा. जातीला जन्म देणाऱ्याने तिला एका प्रजातीत ठेवलं आणि नंतर ती दुसरीकडे गेली, तर जन्मदात्याचं नाव कंसात जातं. ती जन्मल्या घरीच असेल तर कंस नाही. (मी लग्नानंतर नाव बदललं नाही, त्यामुळे माझ्या पगारपत्रकाला कधी कंस लागला नाही. असो.) कार्टरच्या १८४९ च्या जाती ओळीने लिहून बघा: स्पाँजिला आल्बा कार्टर, १८४९. एफिडेशिया मेयेनी (कार्टर, १८४९). रेडिओस्पाँजिला सिनेरिया (कार्टर, १८४९). तिघींचा बाप एक, साल एक. एकटी आल्बा माहेरी राहिली. कंस हवा तसा घालता येत नाही किंवा गाळता येत नाही, कारण त्यात इतिहास असतो. मुलं कंस ही सजावट समजतात. मीसुद्धा समजत होते.

जात कोणी हलवली त्याचं नाव प्राणिशास्त्रात लिहीत नाहीत. वनस्पतिशास्त्रात लिहितात, त्यामुळे दोन्ही विषय शिकवणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

आणखी एक खोच. जातीचं नाव लॅटिन विशेषण असेल तर त्याने प्रजातीचं लिंग घ्यायला हवं. स्पाँजिला स्त्रीलिंगी, युनॅपियस पुल्लिंगी. म्हणून भारतातल्या स्पंजांचा अभ्यास करणाऱ्या अ‍ॅनंडेलची १९०७ ची स्पाँजिला क्रॅसिसिमा युनॅपियसमध्ये गेली तेव्हा क्रॅसिसिमस झाली. 'काळी गाय, काळा बैल' म्हणणाऱ्या आपल्याला हे सोपं जायला हवं. 'कार्टरी' मात्र विशेषण नाही, 'कार्टरचा' अशी षष्ठी आहे, म्हणून ते बदलत नाही.

वर्गीकरणाची शिडी

शाळेच्या पुस्तकातला रंध्रीय प्राणीसंघ म्हणजे पोरिफेरा. जुन्या पुस्तकांत त्याचे तीन वर्ग मिळतील. आता चार धरतात. कॅल्केरिया, म्हणजे चुन्याच्या कंटिका (स्पंजाच्या अंगातल्या बारीक सुया) असलेले, उदाहरणार्थ सायकॉन. हेक्झॅक्टिनेलिडा, म्हणजे सहा टोकांच्या सिलिकाच्या कंटिकांचे काचस्पंज, उदाहरणार्थ युप्लेक्टेला. डेमोस्पाँजी हा सगळ्यात मोठा वर्ग. ज्ञात जातींपैकी पाचांत चारांहून अधिक याच्यात. आणि होमोस्क्लेरोमॉर्फा. हा आधी डेमोस्पाँजीतच होता, २०१२ मध्ये स्वतंत्र वर्ग झाला. गोड्या पाण्यातले सगळे स्पंज डेमोस्पाँजीत, स्पाँजिलिडा या गणात येतात. आपल्याकडे सापडणारे बहुतेक स्पाँजिलिडी या कुळातले.

'इडा' आणि 'इडी' यांत गल्लत करू नका. प्राण्यांच्या कुळाचं नाव 'इडी'ने संपतं आणि हा नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा नियम आहे. गणाच्या नावावर संहितेचा अंमल नाही. स्पंजवाले 'इडा' लावतात तो त्यांचा रिवाज.

२०१५ मध्ये मॉरो आणि कार्देनास यांनी डेमोस्पाँजीची मांडणी नव्याने सुचवली. त्यात हॅड्रोमेरिडा, हॅलिकाँड्रिडा असे जुने गण मोडीत निघाले. आमच्या वेळी हे गण पाठ केल्याशिवाय एम.एस्सी.चा पेपर सुटत नसे. तेव्हा घरातल्या जुन्या पुस्तकावर गणापुरता भरवसा ठेवू नका. तीच गोष्ट आंघोळीच्या स्पंजाची. पुस्तकात तो युस्पाँजिया म्हणून भेटतो, पण युस्पाँजिया हे १८५९ चं नाव आणि लिनियसचं स्पाँजिया १७५९ चं. जुनं नाव जिंकतं. त्याला अग्रक्रमाचा नियम म्हणतात. म्हणून तो स्पाँजिया ऑफिसिनॅलिस लिनियस, १७५९, कंसाशिवाय. (आणि बाजारात 'नैसर्गिक स्पंज' म्हणून मिळते ती बऱ्याचदा घोसाळ्याची जाळी असते. तिचं वर्गीकरण भाजीवाल्याला विचारा.)

स्पंज गोळा करताना

पाणी ओसरलं की, मार्च ते मेमध्ये, तळ्याच्या कडेला दगडांच्या खालच्या बाजूला, बुडालेल्या फांद्यांवर, जुन्या दोरखंडावर बघा. उजेडातला स्पंज हिरवा दिसतो, कारण त्याच्या आत शेवाळाच्या पेशी राहतात. सावलीतला पांढुरका, राखाडी किंवा पिवळट. म्हणजे रंगावर जाऊ नका. आकारावरही जाऊ नका, एकच जात दगडावर पापुद्र्यासारखी आणि काडीवर गोळ्यासारखी वाढते. बोटांनी चुरडून बघितलं तर शेवाळ बुळबुळीत लागतं, स्पंज खरखरीत लागतो. वासही ओळखीचा, कुबट आणि उग्र. एकदा हाताला लागला की जेवताना आठवण करून देतो. तो हात डोळ्याला मात्र लावू नका. स्पंजातल्या कंटिका म्हणजे काचेच्या सुयाच आहेत.

उन्हाळाच का, तर जेम्युलसाठी. पाणी आटायला लागलं की स्पंज मरायच्या आधी खसखशीएवढे पिवळे-तपकिरी गोल दाणे करतो. पाणी परत आलं की त्यांतून नवा स्पंज निघतो. नाव देण्याच्या कामात या दाण्यांशिवाय पान हलत नाही. तळाशी, दगडाला चिकटलेल्या थरात ते शोधा. वरवरचा तुकडा खुडून आणू नका, बुडापासून सुरीने सोडवा. पण सगळा स्पंज खरवडून नेऊ नका, अंगठ्याएवढा पुरे.

आधी जागेवर फोटो. मग तुकडा निदान सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, डीएनएसाठी हवा असेल तर पंचाण्णवच्या वर. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा आणि बाटलीच्या आत टाका: गाव, तळ्याचं नाव, तारीख, कशावर वाढला होता, किती खोल, रंग, कोणी गोळा केला. बॉलपेनने लिहिलेल्या माझ्या पहिल्या वर्षाच्या सहा चिठ्ठ्या अल्कोहोलमध्ये धुऊन कोऱ्या झाल्या. ते सहा स्पंज आजही बेवारस आहेत.

समुद्रकिनाऱ्यावर गोष्ट वेगळी. तिथले चुन्याचे स्पंज वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, तेव्हा परवानगीशिवाय खडकावर सुरी लावू नका.

कंटिका मोकळ्या करणं

तांदळाच्या दोन दाण्यांएवढा तुकडा परीक्षानळीत घ्या आणि त्यावर घरगुती ब्लीच ओता. मांस विरघळतं आणि तळाशी पांढरा गाळ उरतो, त्याच कंटिका. नायट्रिक आम्लात उकळण्याची जुनी पद्धत मी धूर बाहेर खेचणाऱ्या कपाटाशिवाय कुणाला सांगणार नाही. शिवाय आम्लात चुन्याच्या कंटिका फसफसून नाहीशा होतात. ब्लीच आणि आम्ल एकाच नळीत कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो.

मग गाळ स्वच्छ पाण्याने चार-पाच वेळा धुवा आणि शेवटी अल्कोहोलने. थेंब काचपट्टीवर घालून वाळवा, डीपीएक्स (पट्टी कायमची पक्की करणारा चिकट द्रव) आणि कव्हरस्लिप लावा.

हे एका वाक्यात लिहिलं, पण माझं घोडं इथेच पेंड खाल्लं. अलिबागजवळच्या एका तळ्यातून आणलेला गोल, मऊ, वासट स्पंज मी धुतला. घाईत होते, तिसऱ्या तासाची घंटा झाली होती. गाळ बसला न बसला तोच वरचं पाणी ओतून दिलं, तेही पाच वेळा. पट्टीवर फक्त मोठ्या, गुळगुळीत, दोन्ही टोकांना अणकुचीदार कंटिका दिसल्या. सूक्ष्म कंटिका नाहीत, म्हणजे युनॅपियस. आकार गोळ्यासारखा, म्हणजे कार्टरी. चिठ्ठी लिहिली, फळीवर ठेवली. जेम्युल फोडून बघितलाच नाही.

दुसऱ्या वर्षी एका मुलाने प्रकल्पासाठी तोच तुकडा घेतला. नळीचे सोपस्कार टाळायला त्याने कण थेट काचपट्टीवर ठेवून वर ब्लीचचा थेंब सोडला. मोठ्या कंटिकांच्या मधे मधे बारीक, काटेरी काड्या पसरल्या होत्या. मी त्या पाच वेळा मोरीत ओतल्या होत्या! सूक्ष्म कंटिका हलक्या असतात, सावकाश बसतात. जेम्युल उघडला तर त्याच्या भोवतीच्या कंटिकाही काटेरी निघाल्या. ती स्पाँजिला आल्बा होती. तेव्हापासून प्रत्येक धुण्याला निदान अर्धा तास थांबते, आणि एक पट्टी न धुता, त्या मुलाच्या पद्धतीने, नेहमी करते. 'सूक्ष्म कंटिका नाहीत' हे वाक्य त्या दोन्ही पट्ट्या पाहिल्याशिवाय लिहू नये.

जेम्युलसाठी सुईने चार-सहा दाणे वेगळे काढा. दोन ब्लीचच्या थेंबात ठेवून कवच पारदर्शक होईपर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहा, एक दाणा ब्लेडने मधोमध कापा. कापलेल्या कडेत हवेच्या कप्प्यांचा जाड थर पोळ्यासारखा रचलेला दिसला, तर युनॅपियस कार्टरीची शक्यता मोठी.

आता प्रजाती

तीन प्रश्न विचारायचे: मोठ्या कंटिका कशा, सूक्ष्म कंटिका आहेत का आणि कशा, जेम्युलभोवतीच्या कंटिका कशा. उत्तर बहुतेक वेळा तिसऱ्यात असतं. जेम्युलभोवती दोन चाकं एका आसाने जोडल्यासारख्या कंटिका असतील, बैलगाडीचा सुटा आस आठवा, आणि सूक्ष्म कंटिका नसतील, तर एफिडेशियाकडे चला. तशीच चाकं, पण मांसात चांदणीसारख्या सूक्ष्म कंटिका विखुरलेल्या असतील तर डोसिलिया; कार्टरची प्लुमोसा आज तिथे आहे. जेम्युलवर काड्या उभ्या रोवलेल्या, काटे टोकांशी दाटलेले, सूक्ष्म कंटिका नाहीत: रेडिओस्पाँजिला. सूक्ष्म कंटिका काटेरी काड्यांच्या आणि जेम्युलवरच्याही काटेरी: स्पाँजिला. सूक्ष्म कंटिकाच दोन्ही टोकांना आकड्यांची झुपकी असलेल्या, आणि स्पंज दगडासारखा टणक: कॉर्व्होस्पाँजिला. सूक्ष्म कंटिका अजिबात नाहीत आणि जेम्युलवर साध्या काड्या: युनॅपियस.

जातीपर्यंत जायचं तर मोजमाप आलं. स्टेज मायक्रोमीटर म्हणजे बारीक रेघा आखलेली काचपट्टी; तिचं एक घर १० मायक्रोमीटरचं. तिच्यावरून आयपीसमधली पट्टी प्रत्येक लेन्ससाठी एकदा जुळवून घ्या आणि तो आकडा सूक्ष्मदर्शकाच्या बुडाशी चिकटवून ठेवा. प्रत्येक प्रकारच्या निदान २५ कंटिका मोजा: लांबी, जाडी, सगळ्यात लहान, सरासरी, सगळ्यात मोठी. सुंदर दिसतात त्याच मोजू नका. नजर आपोआप लांब, सरळ, अखंड कंटिकांवर जाते. मी काचपट्टी एका रेषेत सरकवते आणि वाटेत येईल ती मोजते.

मग पुस्तक. अ‍ॅनंडेलचा १९११ चा खंड आपल्या स्पंजांसाठी अजून वाचण्यासारखा आहे, चित्रं उत्तम आहेत. फक्त त्यातली नावं जशीच्या तशी उचलू नका. तिथे कार्टरी स्पाँजिलामध्येच मिळेल. नाव हातात आलं की वर्ल्ड पोरिफेरा डेटाबेसवर घाला. तिथे ९,००० हून अधिक मान्य जाती आहेत आणि प्रत्येकीखाली तिची बाद झालेली नावंही. समुद्रातल्या हॅलिकाँड्रिया पॅनिसिया या एकाच स्पंजाला १७६६ पासून तब्बल ५६ नावं मिळाली, कारण तो जागोजागी वेगळ्या रूपात वाढतो आणि ज्याला त्याला नवा वाटला. तुम्हालाही आपला स्पंज नवा वाटेल. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच वाटतो.

खरोखरच नवा असेल तर वर्णन रीतसर छापावं लागतं. एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा अधिकृत आधार, म्हणून नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला ते लेखात सांगावं लागतं. पण ती वाट एकट्याने चालायची नाही. आधी भारतीय प्राणी सर्वेक्षणातल्या किंवा विद्यापीठातल्या स्पंज जाणणाऱ्या माणसाला पट्ट्या दाखवा.

चिठ्ठीवर काय लिहायचं

पुरावा जिथपर्यंत नेईल तिथपर्यंतच नाव. प्रजाती नक्की, जात नाही: 'युनॅपियस एसपी.' जात जुळल्यासारखी वाटते पण खात्री नाही: मधे 'सीएफ.' घाला. जवळची आहे पण वेगळी वाटते: 'अ‍ॅफ.' प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत 'एसपी.' लिहिणाऱ्या मुलांचे अर्धे गुण कापणारे परीक्षक मी पाहिले आहेत. मला ते कधी पटलं नाही. आणि नावाखाली ओळखणाऱ्याची सही व तारीख. जुनी चिठ्ठी कधीही काढू नका, नवी तिच्या शेजारी ठेवा.

निवृत्तीच्या आधीच्या उन्हाळ्यात मी शेवटी ती खालच्या फळीवरची बाटली उघडली. अल्कोहोल निम्म्यावर आलं होतं. दोन पट्ट्या केल्या, एक धुतलेली, एक न धुतलेली. गुळगुळीत मोठ्या कंटिका भरपूर होत्या, सूक्ष्म एकही नाही. सुईने सगळा चुरा विंचरला, जेम्युल एकही निघाला नाही. कोणीतरी वरचाच तुकडा खुडून आणला होता. चिठ्ठीवर तळ्याचं नाव नाही, तारीख नाही, गोळा करणारा नाही. नुसतं 'मुंबई'.

पेन्सिलीने नवी चिठ्ठी लिहिली: 'स्पाँजिलिडी. जेम्युल नाहीत. सूक्ष्म कंटिका आढळल्या नाहीत, दोन पट्ट्या.' खाली सही, तारीख. लॅबचे मामा बाटलीत अल्कोहोल भरत होते, त्यांनी वाचलं. "बाई, इतकी वर्षं होतं ते नावबी गेलं की." जुनी चिठ्ठी मी सोडवून, वाळवून, तिच्या शेजारीच आत सोडली.